साळुबाईचं चित्र

लाइट काही आता बारापर्यंत येत नाही. तेव्हा ऐका. मधे कुणी हसायचं नाही, आणि उद्या अक्षदाताईला फोन करून "मामा खरं सांगतो का गं" असं विचारायचं नाही. तिनं हे मला एकदाच सांगितलं, मंचरच्या स्टँडवर, गाडी लागायच्या आधी. माझी सख्खी भाची आहे ती. पदरचं घालून बोलायची तिला सवय नाही.

दोन हजार चार साल. एकोणीस मे, बुधवार, वैशाखाची अमावस्या. ओझरला एका वसतिगृहात तीन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग चालला होता, चित्रकलेचा आणि डिझाइनचा. पुण्याहून एक सर शिकवायला आलेले. बावीस पोरंपोरी. सकाळी रेषा, दुपारी अक्षरं आणि कापडावरचे छाप, उन्हं उतरली की नदीकाठी बसून स्केचिंग. अक्षदा नुकतीच बारावी झालेली. तिच्या बापानं मोठ्या मिनतवारीनं पाठवली होती, आणि अट घालून. सर म्हणाले पोरीच्या हातात कला आहे, तर पुण्याला डिप्लोमाला घालायची. नाही म्हणाले, तर जूनमध्ये डी.एड.चा फॉर्म, आणि पुन्हा घरात रंगाचं नाव नको.

अक्षरं तिची मोत्यासारखी. छापही झकास यायचे. गाडी अडायची ती चेहऱ्यावर. नाक नाकाच्या जागी, डोळे डोळ्यांच्या जागी, पण माणूस काही उठायचं नाही. सर म्हणायचे, "अक्षदा, हा पुतळा झाला. याला श्वास कुठाय?"

शनिवारी प्रदर्शन होतं. प्रत्येकाचं एक व्यक्तिचित्र लागणार होतं. पोरगी तीन रात्री नीट झोपली नव्हती. बाकीच्या मुली झोपल्या की उठून बसायची, बॅटरीच्या उजेडात आरशातलं स्वतःचं तोंड काढायची. खोडायची. परत काढायची. पान फाटेपर्यंत खोडायची.

त्या बुधवारी संध्याकाळी सरांनी तिला प्रदर्शनासाठी दोरा आणि टाचण्या आणायला धाडलं. देवळाच्या रस्त्यावर दुकान होतं. बरोबर वॉचमन सावळाराम, हातात काठी. उसात बिबट्या असायचा, त्यामुळं एकटं कुणाला सोडत नसत.

दुकानात एक माणूस कापूर, अगरबत्ती आणि पांढरं कापड घेत होता. जानकू त्याचं नाव. दुकानदार म्हणाला, "कोण गेलं रं?"

"चुलती. साळुबाई. दुपारीच गेली. तिचा ऋषी मुंबईवरनं निघालाय, पहाटंपर्यंत येईल. तवर ठेवायची." मग जरा थांबून म्हणाला, "पर भिंतीला लावाया एक फोटो न्हाई बघा तिचा. मतदानाच्या कार्डावर हाय, त्यात नुसता पदर दिसतोय. स्टुडिओला आज कुलूप."

दुकानदारानं अक्षदाकडं बोट केलं. "ही पोर त्या चित्रांच्या वर्गातली. माणसं काढत्यात ही."

जानकू वळला. "ताई, येशील का गं? लई उपकार व्हतील."

सावळाराम म्हणाला, "अवसंची रात हाय. पोरीच्या जातीला कुठं नेता?"

अक्षदा म्हणाली, "येते."

का म्हणाली? मी विचारलं तिला स्टँडवर. खाली मान घालून बोलली, "मामा, मला वाटलं, न हलणारं माणूस एकदा तरी समोर मिळेल." ते सांगताना तिला लाज वाटत होती. ज्याच्या घरी मयत झाली त्याचं दुःख तिला दिसलं नाही, तिला शनिवार दिसला.

सरांनी आधी नाहीच म्हटलं. मग जानकूचं तोंड बघून तयार झाले, सावळारामला बरोबर दिला.

वस्ती धरणाच्या पाण्याकडं होती. पोचले तेव्हा नऊ वाजले होते, लाइट गेलेली. अंगणात भजनी मंडळ बसलं होतं. ओट्यावर साळुबाईचा नवरा, सोपान. पासष्टीचा, हाडापेरानं मोठा. अक्षदाचा बोर्ड बघून एवढंच म्हणाला, "म्हातारी नगं काढू. जरा बरी व्हती तशी काढ."

माजघरात साळुबाईला निजवलं होतं. उशाशी दिवा. गळ्यापर्यंत चादर, हात चादरीत. मोठं कपाळ, सरळ नाक, आत गेलेले गाल. जानकूच्या आईनं गॅसबत्ती टांगली. पोरीच्या उजेडात सावल्या नकोत म्हणून बायका उंबऱ्याबाहेर पडवीत सरकल्या. एकजण तेवढी आत राहिली. पलीकडच्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठीला लागून, डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. असेल जवळची कुणी, म्हणून अक्षदानं तिला काही म्हटलं नाही.

पाटावर बसली. कोळशाची कांडी घेतली. बाहेर टाळ-मृदंग, आत गॅसबत्तीची घरघर. पहिल्या अर्ध्या तासात तिची भीती मोडली. कपाळ झालं, भुवया झाल्या. डोळे मिटलेले, ते उघडे काढायचे होते. ती अडली.

कोपऱ्यातून आवाज आला. हळू. "कपाळ येवढं न्हाई."

अक्षदानं समोर बघितलं. कपाळ तेवढंच होतं. पण सोपान म्हणाला होता ना, बरी होती तशी काढ. आजारात केस मागं सरले असतील. तिनं कपाळ कमी केलं.

"नाक बसकं. वाईच."

तेही केलं.

"डोळं मोठं. हां... आसं."

पोरगी रंगात आली. तीन आठवडे जे जमलं नव्हतं ते जमायला लागलं होतं. ती बाई सांगायची, ही पुसायची, काढायची. गाल भरले, जिवणी लहान झाली. वय उतरलं. तिशीच्या आतली एक बाई कागदावर यायला लागली. अक्षदानं मग समोरच्या मुडद्याकडं बघायचंच सोडलं. घड्याळात पावणेबारा झालेले तिला आठवतंय, कारण तेव्हाच बाहेरचं भजन थांबलं. चहा आला होता मंडळींना.

एकदम शांत झालं.

"हनुवटीवर गोंदण," आवाज आला. "तीन ठिपकं."

अक्षदानं दिव्याच्या उजेडात साळुबाईची हनुवटी बघितली. कोरी होती. गोंदण काही वयानं पुसत नाही.

"मावशी... यांना तर गोंदण नाही."

तिनं कांडी कागदावरून उचलून धरली.

"मावशी?"

बाहेर कपबशा वाजल्या. कुणीतरी खोकलं. मग सगळं थांबलं.

"...काढ."

आवाज कोपऱ्यातून नव्हता आला. जवळून आला होता. फार जवळून. खालून.

तिनं मान वर केली नाही. मान वर केली तर काय दिसेल, ते तिला कळत होतं. आणि कळायला नको होतं. हात आपोआप चालला. एक ठिपका. दुसरा. कांडी मोडली. उरलेल्या तुकड्यानं तिसरा.

चादर सरकल्याचा आवाज झाला.

वारा नव्हता.

तिनं बोर्ड पाटावर ठेवला. हळू. उठली. पाठ न दाखवता, एक एक पाऊल मागं. उंबरा टाचेला लागला तेव्हा कुठं तिनं श्वास घेतला.

पडवीत आली. "पाणी," म्हणाली. जानकूच्या आईनं तांब्या दिला. निम्मं पाणी अंगावर सांडलं.

"आत... कोपऱ्यात कोण बसल्यात?"

"आत? आत कुनी न्हाई गं. आमी समद्या हितंच हाव."

सावळारामनं तिच्याकडं बघितलं आणि काठी उचलली. पाच-दहा मिनिटं गेली असतील. मग तो, जानकू आणि जानकूची आई तिला घेऊन आत गेले. साळुबाई होती तशी होती. चादर गळ्यापर्यंत, सुरकुती नाही. कोपऱ्यात कोठी, आणि कोठीच्या शेजारी लगेच भिंत. मधे चार बोटांचं अंतर. मांजरसुद्धा बसलं नसतं तिथं.

बोर्ड पाटावर होता. पण चित्र... ती सोडून गेली तेव्हा नुसत्या काळ्या रेघा होत्या, कडक. आता गालाखाली, डोळ्यांच्या कडेला, मानेच्या खळीत कोळसा मऊ पसरला होता. कुणीतरी बोटानं चोळलेला. सावली पडली होती चेहऱ्यावर. कागदावरची बाई आता बोलेल की मग बोलेल, अशी.

अक्षदा रात्रभर पडवीत सावळारामच्या शेजारी बसून राहिली. पाय आखडले तरी उठली नाही.

पाच वाजता ऋषी आला. रडून झाल्यावर त्याला चित्र दाखवलं. त्यानं बघितलं. परत बघितलं. "ही कोण? ही आमची आई न्हाई."

"दाखव," सोपान म्हणाला. बोर्ड हातात घेतला आणि उभ्या जागी खाली बसला. हनुवटीवरच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाला,

"ठकू..."

ऋषीला काही कळेना. जानकूच्या आईनं तोंडाला पदर लावला. तिनंच नंतर अक्षदाला बाजूला नेऊन सांगितलं. ठकूबाई ही सोपानची पहिली बायको. चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून माहेरी धाडली, आंबेगावकडं. परत आणली नाही, साळुबाईला आणली. ठकू तिकडंच झुरून गेली. तिचं माहेरचं गावही पुढं तिकडच्या धरणात गेलं. या घरात तिचं नाव तीस वर्षं कुणी घेतलं नव्हतं. "एकली साळूच घ्यायची कधी कधी," जानकूची आई म्हणाली. "चुलीपाशी. सोताशीच. म्हनायची, तिची जागा मी घेतली, तिचा फोटूबी न्हाई राहिला."

चित्र सोपाननं परत दिलं नाही. अक्षदानं मागितलंही नाही. शनिवारी सगळ्यांची व्यक्तिचित्रं लागली, हिच्या नावाखालची जागा मोकळी. सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "काढलं होतं. पण त्यातला श्वास माझा नव्हता." सरांनी तिची अक्षरं आणि छाप बापासमोर मांडले आणि सांगितलं, हिला कापडाच्या डिझाइनला घाला. घातली. आज तुम्ही तिनं काढलेल्या वेलबुट्ट्यांच्या चादरीवर निजता. चेहरा मात्र तिनं त्या दिवसापासून काढलेला नाही. तुम्ही लहान असताना तिच्या मागं लागायचात, "ताई, माझं चित्र काढ", आणि ती उठून आत जायची, आठवतंय ना?

आता तिनं गाडीत चढताना सांगितलं तेवढं सांगतो, मग झोपा.

सकाळी सात वाजता बायकांनी साळुबाईला आंघोळ घालायला घेतली. कालपासून चादरीत असलेले हात बाहेर काढले. डावा हात स्वच्छ होता. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट पेरापर्यंत काळंभोर. जानकूच्या आईनं साबण लावला. मग शिकेकाई. मग राखेनं घासलं, तीनदा.

निघालं नाही. तशीच नेली.