तंतोतंत वीस

तनुजा जाधव आली तेव्हा ऋता सबनीस चहात बिस्किट बुडवत होती. बिस्किट चहात राहिलं आणि तनुजा बोलू लागली.

"मॅडम, मी मोजले होते. खरंच मोजले होते. म्हणजे, मोजले असणार." ती रडायला लागली. "आता माझाच माझ्यावर विश्वास राहिलेला नाही."

ऋता चिंचवडला खासगी तपासाचं काम करायची. तिच्यासोबत मधुसूदन असायचे, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाड्यांचे भाग तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि निवृत्तीनंतर तपासायला माणसंच उरली होती.

तनुजा महाळुंग्याच्या एका खासगी रुग्णालयात ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांशेजारी उभी राहणारी नर्स होती. तिथे पूर्वी नावाच्या तरुण शिक्षिकेच्या पोटातली गाठ काढली होती. काही आठवड्यांनी तिचं पोट सडू लागलं. पिंपरीच्या मोठ्या रुग्णालयाने ते पुन्हा उघडलं, तर आत एक मॉप निघाला. मॉप म्हणजे रक्त टिपायचा कापडी रुमाल. पूर्वी अजून व्हेंटिलेटरवर होती.

"टाके घालण्याआधी मॉप मोजायचे, अशी चेकलिस्ट आहे," तनुजा म्हणाली. "त्यावर माझी सही आहे. डॉक्टर म्हणतात, न मोजता टिक केलीस. उद्या ते पोलिसांना तसं लिहून देणार."

"किती भरले होते?"

"वीस आत गेले, वीस बाहेर आले. तंतोतंत. एरवी एखादा इकडेतिकडे होतो. त्या दिवशी जुळले म्हणून किती बरं वाटलं होतं मला."

"पूर्वीचं आधी कधी, कुठे पोटाचं ऑपरेशन झालं होतं?"

"नाही. पहिलंच."

ऋताने बिस्किटाचा नाद सोडला. "भावोजी, गाडी काढा."

डॉ. रणजीत येळवंडे रुग्णालयाचे मालकही होते आणि सर्जनही. आजोबांनी त्या जागेवर ज्वारी काढली, वडिलांनी प्लॉट पाडले, यांनी पोटं उघडली. केबिनमध्ये चेकलिस्ट सोनेरी चौकटीत टांगलेली होती.

"अशी चेकलिस्ट चाकणपर्यंत कुणाकडे नाही," ते म्हणाले. "यंत्रणा उत्तम आहे. माणसं चोर आहेत. मॉपचं कापडसुद्धा चोरतात हो! वीसच्या हिशेबाने ठाण आणतो, दर वेळी आधीच संपतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून म्हणा. पण त्याचा इथे काय संबंध?"

"नसेलही," ऋता म्हणाली.

फळ्यावर आकडे लिहायचं काम मैत्री या दुसऱ्या नर्सचं. तिच्याकडे बोलायला वेळ नव्हता, म्हणून ती भराभर बोलली.

"सुरुवातीला वीस लिहिले. मॉपचा ड्रम, म्हणजे निर्जंतुक केलेला डबा, वीसचाच येतो, वर चिठ्ठी असते. शेवटी तनुजाने एकेक मोजले. मी ऐकलंय, मोठ्याने मोजते ती."

"कमी भरले तर?"

"शोधायचं. पोटात, बादलीत, टेबलाखाली. टाके थांबतात. सर तर आकाशपाताळ एक करतात."

"आणि जास्त भरले तर?"

मैत्री हसली. "हल्ली भरतोच की एखादा. त्याचं काय एवढं? आत तर काही राहिलं नाही ना! बरोबरची टिक करायची, फळा पुसायचा."

"बरोबर आहे," मधुसूदन म्हणाले. "आमच्या कंपनीतही तसंच. कमी पडलं की बोंब, जास्त झालं की चहा."

ठाणातून मॉप कापून ड्रम भरायच्या कौशल्याबाई. मूळच्या गावातल्याच. घरामागे, दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये, त्यांचं पेरूचं एकच झाड उरलं होतं. त्याचे पेरू त्या दुपारच्या सुट्टीत गेटपाशी विकत.

"माज्या हातचा ड्रम आता कदी कमी निगायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "इचारा कुनालाबी."

मधुसूदनांनी पाच पेरू मागितले. पिशवीत सहा पडले.

"पाचच म्हणालो होतो, मावशी."

"ऱ्हाऊ द्या की वरचा एक. मोजून तेवढंच द्यायचं म्हंजी हात आखडल्यावानी दिसतं."

मधुसूदनांनी वरचा एक तिथेच खाल्ला आणि गोड असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

ऋता मात्र पिशवीकडे बघत राहिली. मग तिने सगळ्यांना डॉक्टरांच्या केबिनमध्ये बोलावलं.

"तनुजा न मोजता टिक करणारी असती, तर मैत्रीला मोजणी ऐकू आली नसती," ती म्हणाली. "तिने वीस मोजले आणि ते वीसच होते. मग पोटातला आला कुठून? तो एकविसावा होता."

"ड्रम वीसचा असतो," डॉक्टर म्हणाले.

"चिठ्ठी वीसची असते. सुरुवातीला मॉप कुणी मोजले?"

तनुजाने मैत्रीकडे पाहिलं. शेवटी मैत्री पुटपुटली, "सरच म्हणाले होते. चिठ्ठी आहे ना, मोजत काय बसता, पेशंट रांगेत आहेत."

"कापड दिवाळीपासून जास्त जातंय. मोजणीत एरवी एक जादा भरतो. आणि पाच पेरू मागितले की सहा मिळतात. भावोजी, पुरावा तुम्ही खाल्लात. कौशल्याबाई, ड्रममध्ये वरचा एक घालता ना?"

कौशल्याबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. "दिवाळीच्या टायमाला एक कमी निगाला, तर ह्ये डाक्टरसायेब मला समद्यांदेखत बोलले. तवापासून ड्रमामागं एक वर घालते. कमी पडून कुनाचा जीव जायला नको म्हनून."

तनुजाने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "म्हणजे मी बरोबर मोजलं होतं."

"अगदी बरोबर," ऋता म्हणाली.

डॉक्टर चटकन सावरले. "छान झालं. तनुजा, तुझं नाव मी काढतो. कौशल्याबाईंना घरी पाठवू. विषय संपला."

"संपला कसा? ड्रममध्ये एकवीस होते," ऋता म्हणाली. "ज्या पेशंटच्या वेळी एक जादा भरला, ते सुखरूप आहेत. दिवाळीनंतर ज्यांच्या वेळी तंतोतंत वीस भरले, त्यांच्या पोटात एक आहे."

मधुसूदनांनी पेरूची पिशवी हळूच खाली ठेवली.

"कागदांवरून कळणार नाही," मैत्री म्हणाली. "सगळीकडे टिकच आहे."

"मला आठवतंय," तनुजा म्हणाली. "तंतोतंत जुळले की मी मनातल्या मनात हात जोडायचे. आणखी दोघी आहेत."

"थांब," डॉक्टर म्हणाले. "आधी वकिलांशी बोलू. तू सुटली आहेस, कळतंय का तुला?"

तिने टेबलावरचा फोन ओढून घेतला. पहिला नंबर चऱ्होलीच्या शालनबाईंचा होता. बराच वेळ रिंग वाजली.

"आजी, मी तनुजा, ऑपरेशनच्या वेळची सिस्टर. तब्येत कशी आहे? पोटात दुखतं का हो?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"दुखतंय की गं," म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली. "पर तुला कुनी सांगितलं? मी तर अजून घरातबी बोलले न्हाई."