मिठाच्या बरणीवरचा पेला

"थूः! ही रोटी आहे की मिठागर?" सफवान ओरडला.

"गप खा!" हिंदने धाकट्या भावाला कोपर मारलं. पण घास तिच्याही घशाखाली उतरेना!

तांजियरहून ही दोघं सुट्टीला फेस शहरात काकांकडे आली होती. घरची कणीक मळायची ती आजी, लल्ला बतूल. तिच्या रोटीला गल्लीत तोड नव्हती. हल्ली मात्र ती नावं विसरायची, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, आणि मधूनच रोटी अशी खारट व्हायची.

"बस्स झालं," अब्देलहक काका म्हणाले. "यापुढे रोटी विकत आणायची. आणि रविवारी आईला कासाब्लांकाला सुआदकडे पोचवतो. लेकीकडे पाचव्या मजल्यावर आरामात राहील!"

लल्ला तिथेच बसली होती. म्हाताऱ्या माणसाबद्दल त्याच्यासमोर बोललं तर चालतं, असा मोठ्यांचा समज असतो.

"उद्या पाहुणे आहेत ना," ती हळूच म्हणाली. "उद्याची तरी मला मळू द्या रे."

"बरं. पण ती शेवटची."

जेवणानंतर गच्चीवर खलबत सुरू झालं.

"परवा रोटी मस्त झाली होती," काकांचा मुलगा बद्र म्हणाला. "विसरायचंच तर रोज का नाही विसरत?"

"शाब्बास! काहीतरी गडबड आहे," हिंद म्हणाली. "उद्या पाळत ठेवायची!"

सकाळी तिघं जिन्यात दबा धरून बसली. खाली लल्लाने परातीत मीठ घातलं. मग काकूंच्या लाडक्या तबकातला एक सोनेरी काठाचा पेला उचलून तिने मिठाच्या बरणीवर पालथा घातला. पीठ कालवलं आणि ती कोमट पाणी आणायला आत गेली.

तेवढ्यात नजिया काकू आल्या. सहा पेल्यांच्या तबकात पाचच पेले? काकूंना असं चालत नसे.

"अगंबाई! हा इथे कुणी टाकला?" त्यांनी पेला विसळला, तबकात ठेवला आणि त्या निघून गेल्या.

लल्ला परतली. तिने बरणीकडे पाहिलं. झाकणावरून हात फिरवला. तिचा चेहरा इतका भांबावला, की सफवानलासुद्धा थट्टा सुचली नाही. मग तिने बरणी उघडली.

"लल्ला, थांब! मीठ घातलंयस तू!" तिघं धाडधाड खाली उतरली.

लल्ला मटकन बसली. "पेला पालथा दिसला की समजायचं, मीठ पडलं. असं मी ठरवलं होतं. पण तो कधीकधी जागेवर नसतोच. मला वाटलं, आता पेला ठेवायचंही मी विसरते."

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? म्हणाले असते, बघा, आता हिला पेल्याशिवाय मीठही कळत नाही!"

"आईला आत्ता जाऊन सांगतो!" बद्र उसळला.

"काही उपयोग नाही. पोरांना काय कळतं, म्हणतील," हिंद म्हणाली. "त्यापेक्षा त्यांच्याही वस्तू जरा नीटनेटक्या लावू या!"

काका दुकानाची किल्ली विसरू नये म्हणून बुटात ठेवत. बद्रने ती खुंटीला लावली. पुदिना आणायची आठवण राहावी म्हणून काकूंनी दाराच्या कडीला टोपली अडकवली होती. हिंदने ती फडताळात ठेवली. सफवान रोट्यांची फळी डोक्यावर घेऊन त्या भाजून आणायला गल्लीतल्या भट्टीवर गेला. आज फळीवरचं काही चोरून खायचं नाही, अशी हिंदची सक्त ताकीद होती!

दुपारी पाहुणे बसले आणि काका घामाघूम होऊन आले.

"किल्ली कुठाय माझी? दुकानापर्यंत जाऊन परत आलो!"

"आणि माझी टोपली?" काकू म्हणाल्या. "पुदिना राहिला! पाहुण्यांना बिनपुदिन्याचा चहा? नाक कापलं माझं!"

"असू दे, काका. वय झालं की होतं असं," सफवान गंभीरपणे म्हणाला.

"मी विसरलो नाही रे! माझी खूण कुणीतरी हलवली!"

"लल्लाचीही अधूनमधून तशीच हलत होती," हिंद म्हणाली, आणि तिने पेल्याची हकिगत सांगितली.

काकू तबकाकडे बघत राहिल्या. सहाच्या सहा पेले चकचकत होते. तेवढ्यात एका म्हाताऱ्या पाहुण्याने रोटी मोडली, घास घेतला आणि दुसरी रोटी जवळ ओढली.

"वा! अशी रोटी आता कुठे मिळते?"

काका उठून अंगणात गेले. "सुआद," फोनवर त्यांचा आवाज आला, "आई येत नाही गं. नाही, बरी आहे. आमचंच चुकलं." परत येऊन त्यांनी सर्वांदेखत कान पकडले. "शाबास, पोरांनो! आम्ही नुसतं आवरत बसलो. बघितलंत ते तुम्ही!"

लल्लाने हिंदला जवळ ओढलं. "माझी गुणाची सुआद!" ती म्हणाली. हिंदने तिला दुरुस्त केलं नाही.

रविवारी शेजारीण चहाला आली. काकूंनी तबक पुढे केलं.

"नजिया, पाचच पेले? सहावा फुटला वाटतं!"

"फुटेल कशाला?" काकू म्हणाल्या. "तो कामावर आहे."