पिल्लं अजून झोपलीत

"मरणार नाही असं एखादं झाड मिळेल का?"

मी रोपांना पाणी घालत होते. मान वर न करताच म्हणाले, "झाडं आपणहून मरत नाहीत. माणसं मारतात."

"बापरे! मग मला मारता येणार नाही असं द्या."

आता मात्र मी वर पाहिलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चेहऱ्यावर हसू, आणि केसांत आमच्या शेवग्याची दोन-तीन फुलं अडकलेली... त्याचा त्यालाच पत्ता नाही!

घरामागची ही बाग म्हणजे माझं दुकान. वसंतात मात्र ती माझी कमी आणि पाखरांची जास्त असते. जाईच्या वेलात बुलबुल, भिंतीतल्या भोकात दयाळ, पाण्याच्या परळावर भांडायला सगळे. कोण कुठे बिऱ्हाड करून आहे ते मला तोंडपाठ. निदान असा माझा तोरा होता.

तो दातांचा डॉक्टर निघाला. नवा दवाखाना, दाराशी चांगलं ऊन. "पेशंट दारातूनच परत जातात हो. एखादं हिरवंगार झाड दिसलं तर धीर येईल त्यांना."

"झाडामागे लपतील."

"लपू देत ना. आत आले म्हणजे झालं!"

मी खळखळून हसले. या हसण्याच्या नादातच घात झाला. त्याने नळाजवळच्या अंजिराच्या कुंडीवर बोट ठेवलं, मी "न्या" म्हणाले, आणि वर फाटकावरची पाटी दाखवली. 'दिलेलं झाड परत घेतलं जाणार नाही. नीट बघून न्या.'

"नीट बघूनच नेतोय," तो म्हणाला. पण बघत होता माझ्याकडे. आगाऊच होता!

तो गेला आणि थोड्या वेळाने नळाजवळ कलकल सुरू झाली. शिंपी पक्ष्यांची जोडी. एवढासा जीव, पण आवाज असा की कान किटावेत. मादीच्या चोचीत अळी होती, आणि कुंडी होती त्या रिकाम्या जागेवर ती नुसती घिरट्या घालत होती. मग माझ्या लक्षात आलं. अंजिराची दोन पानं शिवून त्यांनी आत घरटं केलं होतं. आणि मी, बागेतलं पान न् पान ओळखणारी, पिल्लांसकट कुंडी देऊन बसले होते!

स्कूटर काढली ती थेट दवाखान्यात. खुर्चीत एक आजोबा आ वासून बसलेले, डॉक्टरच्या हातात आरसा.

"झाड परत द्या!"

"पण तुमच्या पाटीवर तर..."

"पाटी गेली खड्ड्यात! त्यात पिल्लं आहेत. आई अळी घेऊन रडतेय तिकडे."

त्याने आरसा खाली ठेवला. आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी तोंड तसंच उघडं ठेवून हाताने खूण केली... जा, जा!

त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर मी कुंडीला मिठी मारून बसले. त्याने प्रत्येक खड्ड्याला गाडी अशी हळू केली की मागचे भोंगे वाजवून दमले. कुंडी जागच्या जागी ठेवली आणि आम्ही दोघं पायरीवर श्वास रोखून बसलो. पक्षीण फांदीवर आली... उडाली... परत आली. आणि एकदम पानांत शिरली. आतून बारीक चिवचिव ऐकू आली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. माझा हात त्याच्या मनगटावर घट्ट होता हे मला मग कळलं. त्याला आधीच कळलं असावं, कारण तो जराही हलला नव्हता.

"पिल्लं उडेपर्यंत झाड इथेच," मी म्हणाले.

"चालेल. पण झाड माझं आहे. रोज बघायला येणार."

आणि आला की! रोज सकाळी, दवाखान्याआधी. मी नियम घातला, पायरीवरून बघायचं, पुढे जायचं नाही. तो शहाण्या मुलासारखा पायरीवर बसायचा. बुलबुलाचं तांबडं बूड, दयाळाची शीळ, चिकूवर डल्ला मारणारी खार, सगळं विचारायचा. चुकीचं ओळखायचा आणि वर वाद घालायचा. आईने त्याच्यासाठी वेगळा कपच काढला.

"शेजारी हसतात गं," मी आईला म्हटलं.

"हसतील त्यांचे दात दिसतील. दात बघायला डॉक्टर आहेच."

मग एका सकाळी घरटं रिकामं दिसलं. पिल्लं कुंपणावर बसून खाऊ मागत होती, पंख फडफडवत. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही... पण क्षणभरच. आता तो कुंडी नेणार. मग रोज यायला कारण काय?

तेवढ्यात फाटक वाजलं.

"काय म्हणतायत मंडळी?"

"पिल्लं अजून झोपलीत," मी म्हणाले. अगदी बेधडक.

दुसऱ्या दिवशीही झोपलेली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या सकाळी मात्र मला माझीच लाज वाटली. मी आणि असली लपवाछपवी? तो पायरीवर बसायच्या आत मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. पिल्लं कधीच उडाली."

"माहितेय. मंगळवारीच."

मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"तुम्ही चहा आणायला आत गेलात, तेव्हा तिघं कुंपणावर ओळीने बसली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात झोपलीत... बागेत तुमचा शब्द शेवटचा." तो हसला, पण कान लाल झाले होते. "आणि उडाली म्हटलं असतं, तर तुम्ही कुंडी उचलून हातात दिली असती. मग मी कशासाठी येणार होतो?"

परळावर बुलबुल पाणी उडवत होता. मी एक मोठा श्वास घेतला.

"कुंडी आजच न्या. झाड तुमचंच आहे. पण सकाळी तुम्ही आला नाहीत तर मला करमणार नाही. आवडता तुम्ही मला. झालं, सांगून टाकलं!"

त्याने कुंडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "झाड राहू दे इथेच. आणि मलाही... ठेवून घेतेस?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. मी फाटकाकडे बोट केलं.

"पाटी वाचलीस ना? एकदा दिलेलं इथे परत होत नाही."

"वाचलीय," तो पायरीवर माझ्यासाठी जागा करत म्हणाला. "पहिल्याच दिवशी. नीट बघून."