आता तू सांग

आमची पहिली भेट शाळेच्या जिन्याखाली झाली, आणि तेव्हा माझ्या दोन्ही गालांत लिंबाच्या गोळ्या होत्या.

"एकटीएकटीच?" तो म्हणाला. हा उंच उडीवाला. आम्ही रिलेच्या पोरी त्याला जिराफ म्हणतो — मान बघितली की कळतं.

"हो. नजर लावू नकोस!"

त्याला काय ठाऊक, माझी शुगर उतरलीय नि पटकन गोड खाल्लं नाही तर मी इथेच आडवी होईन! मला डायबेटिस आहे. सातवीपासून इन्सुलिन घेते. शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. आईचा दमच होता — "अवाक्षर काढायचं नाही. संघातून काढतील."

जिराफाला वाटलं, बाईसाहेबांना गोड फार आवडतं. मग काय... रोज सरावानंतर एक चॉकलेट! देताना बोटं जराशी लागायची. घरी त्या चॉकलेटापुरतं जास्तीचं इन्सुलिन घेताना मी चक्क लाजायचे.

मग स्पर्धेसाठी निवडीची शर्यत झाली. मी सगळ्यांत पुढे.

"शेवटचा टप्पा हिचा," सर म्हणाले. "कुणाला काही आजारबिजार असेल तर आत्ताच बोला."

आईचे वटारलेले डोळे आठवले. पण जिन्याखाली लपून खायचा आता वीट आला होता मला. मी काय चोरी केलीय?

हात वर केला. सांगून टाकलं.

"अगं, मग यंदा तू बसच," सर म्हणाले. "धोका नको."

"सर, आत्ता पहिली आले ती डायबेटिससकटच आले ना? तो काय घरी ठेवून आले होते?"

कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी डोकं खाजवलं. "बरं... डॉक्टरांना विचारून ये. ते हो म्हणाले तर पळ. आणि त्या गोड गोळ्या घेऊन कुणीतरी कडेला उभं राहायला हवं."

"मी राहतो," जिराफ म्हणाला. कान लालबुंद!

"दया आली वाटतं?"

"छे! मी तर रोज चॉकलेटं देऊन तुला..."

"इन्सुलिन घेऊन खाल्ली मी ती. मस्त होती. पण तू का उभा राहणार?"

"कारण तू... म्हणजे मला..." पुढचं तो स्वतःच्या बुटांना म्हणाला, "आवडतेस."

"हे असं पुटपुटत? मी माझं सगळ्यांसमोर सांगितलं. आता तू सांग!"

त्याने सरांकडे पाहिलं. पोरींकडे पाहिलं. मान ताठ केली — आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला.

"दोघंही मैदानाला दोन फेऱ्या मारा!" सर त्याहून मोठ्याने ओरडले.

मारल्या की! हसत, धापा टाकत, शेजारीशेजारी...

म्हणजे, पुढे मीच होते.