डाव्या विंगेतला आवाज

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलं आणि माझे वडील, प्रतापराव, तेव्हा तिथे हजर होते. त्यांना उगाच काही सांगायची सवय नव्हती.

साल १९५३. इंदूर. मध्य भारताचे दिवस.

आत्याचं नाव कुमुदिनी. आमचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते. अशा घरातली मुलगी नाटकात काम करणार म्हटल्यावर लोक खूप बोलले. शेवटी आजोबांनी एका अटीवर होकार दिला. भाऊ बरोबर जाईल. म्हणून प्रत्येक तालमीला, प्रत्येक प्रयोगाला वडील विंगेत बसलेले असायचे.

त्या नाटक मंडळीची नायिका होती इंदिरा. राणीचं काम वर्षानुवर्षं तिचंच. त्या वर्षी ती टायफॉइडने गेली आणि राणीचं काम आत्याकडे आलं.

आत्याचा पहिला प्रयोग. रविवारची दुपार. थिएटर भरलेलं. तिसऱ्या अंकात ती अडली. पुढचं वाक्य काही केल्या आठवेना.

आणि तेवढ्यात...

डाव्या विंगेतून कुणीतरी हळूच वाक्य सांगितलं.

बाईचा आवाज.

आत्या ते बोलून गेली. टाळ्या पडल्या. पडदा पडल्यावर ती प्रॉम्प्टरला, लक्ष्मीकांतला म्हणाली, "आज तुम्ही वाचवलंत."

तो गोंधळला. "मी? मी तर इकडे उजवीकडे होतो. अन् तुम्ही अटकल्याच नाही ना कुठे."

"मग डावीकडे कोण होतं?"

"तिकडे कोण उभं राहील? सामान भरलंय पूरं."

वडील बघायला गेले. डाव्या विंगेत जुने पडदे आणि लाकडी खांब छतापर्यंत रचलेले होते. माणूस सोडा, हात घालायला जागा नव्हती.

त्यानंतर आत्याचं नाव झालं. देवास, उज्जैन, धार. लोक म्हणायचे, ही तर इंदिरेपेक्षाही सरस. पुण्याच्या एका नाटक कंपनीचे मालक, नानासाहेब, तिला बघायला येणार असं कळलं. पुण्याच्या कंपनीत काम करायचं, हे तिला लहानपणापासून हवं होतं.

पण ती पाठांतर करेनाशी झाली होती. वडिलांनी एकदा विचारलं.

"कुमू, आजकाल काही वाचत नाहीस?"

"गरज नाही, दादा. ती सांगते."

"कोण ती?"

आत्या उठून आत निघून गेली.

एका प्रयोगानंतर इंदिराची आई, जनाबाई, आत भेटायला आली. मुलगी गेल्यावर पहिल्यांदाच तिने थिएटरात पाय ठेवला होता. आत्याचं तिच्याशी कधी बोलणंही झालेलं नव्हतं. आत्या आरशासमोर रंग पुसत बसली होती. मान न वळवता ती म्हणाली...

"जिजी, गुडघ्याला तेल लावतेस की नाही? की मी नाही म्हणून तसंच?"

जनाबाई दारातच मटकन बसली.

तिला 'जिजी' फक्त इंदिरा म्हणायची.

आत्या पांढरीफटक पडली. "हे मी नाही बोलले. कानात आलं अन् तोंडातून निघून गेलं."

पण जनाबाईला ते पटेना. दुसऱ्या दिवसापासून ती रोज आमच्या घरी येऊन बसू लागली. आत्याच्या तोंडाकडे बघत.

"अजून एकदा बोल, बेटा. बस एकदा."

आणि आता आवाज घरातही येऊ लागला...

स्वयंपाकघरात. देवासमोर. आजी काही विचारायची आणि आत्याने विचार करायच्या आत उत्तर तिच्या कानात हजर.

"दादा," ती वडिलांना म्हणाली, "यातलं माझं बोलणं कोणतं, तेच समजत नाहीये."

"मग सोडून दे हे सगळं."

"नानासाहेबांचा प्रयोग होऊ दे. पण त्या दिवशी ती सांगेल ते मी बोलणार नाही. माझं मी बोलेन."

तिने सगळं नाटक पुन्हा पाठ केलं. घोकून घोकून.

तो प्रयोगही दुपारचाच होता. नानासाहेब पहिल्या रांगेत. मागे कुठेतरी जनाबाई. वडील उजव्या विंगेत, लक्ष्मीकांतच्या शेजारी.

दोन अंक छान झाले. तिसऱ्या अंकात आत्या त्याच जागी आली... आणि थांबली.

तिने डावीकडे पाहिलं, तिकडून कुणी काही सांगितल्यासारखं. मग तोंडावर पदर धरला आणि ओठ घट्ट मिटले.

थिएटर शांत.

लक्ष्मीकांतने वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. आत्याने फक्त मान हलवली. नाही.

आणि मग...

राणीचं वाक्य ऐकू आलं. खणखणीत. पार शेवटच्या रांगेपर्यंत.

लक्ष्मीकांतच्या हातातलं नाटकाचं पुस्तक खाली पडलं.

प्रेक्षकांना पदर दिसत होता. वडिलांना बाजूने तिचं तोंड दिसत होतं.

ओठ मिटलेलेच होते.

वाक्यामागून वाक्य येत राहिलं. अख्खं भाषण. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लोकांना तो अभिनय वाटत होता. भाषण संपलं तेव्हा सगळं थिएटर उभं राहिलं. त्या टाळ्यांमध्ये मागून एक म्हातारा आवाज सारखा हाक मारत होता. "इंदू... इंदू..."

पडदा पडल्यावर नानासाहेब स्वतः आत आले.

"असा आवाज मी आजवर ऐकला नाही, बाई. पुण्याला कधी येताय?"

"तो माझा नाही," आत्या म्हणाली. "जिचा आहे तिला न्या."

त्यांना तो विनय वाटला. ते हसले.

आत्या पुन्हा कधी रंगमंचावर गेली नाही. पुढे मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची आणि शेवटपर्यंत इंदूरच्याच राजेंद्र नगरला आमच्याजवळच राहिली. वडिलांनी हे सगळं मला सांगितलं, पण तिच्यापुढे विषय काढू नकोस म्हणून बजावलं.

मी एकदा काढलाच. ती अंगणात भाजी निवडत बसली होती.

"आत्या, तो आवाज अजून येतो का गं?"

तिचे हात थांबले. ती जराशी गप्प राहिली... समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेताना माणूस थांबतो, तशी.

मग हसून म्हणाली, "नाही रे. कब का बंद झाला."

ते उत्तर कुणी दिलं, हे मला आजही माहीत नाही.