हेडफोनमधली टकटक

घरात सगळे तिला बारकी म्हणत. चाळिशी उलटली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी बारकीच. नाव आत्याने ठेवलेलं. आई लवकर गेली, वडील कामापायी सतत बाहेरगावी, त्यामुळे बारकीला वाढवलं ते आत्याने. बारकी गणितात नापास झाली तेव्हा तिच्या बाजूने वडिलांशी भांडलीही आत्याच. आता आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. गुडघा कुरकुरायला लागल्यापासून हातात काठी आली होती, पण "माझ्याकडे येऊन राहा" म्हटलं की ती विषय बदलायची.

बारकीचं काम बसल्या जागी चालणारं. वेगवेगळ्या संस्था आपापल्या बैठकांची रेकॉर्डिंग पाठवत आणि ती हेडफोन लावून, लॅपटॉपवर त्यातला शब्दन् शब्द टाइप करून देई. त्या आठवड्यात आलेली बैठक महाकठीण होती. अध्यक्षांना प्रत्येक शब्दाची शेपटी गिळायची सवय होती.

"एवढे शब्द गिळतात, तरी भाषण संपेपर्यंत यांचं पोट भरत नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याच दिवशी आत्याचा फोन आला.

"बारकी, बाथरूमची कडी फार अडकते गं. काल आतून निघता निघेना."

"मग लावू नकोस ना. एकटीच तर असतेस."

"एकटी असले म्हणून काय दार उघडं टाकून आंघोळ करू?"

"बरं बाई. परवा सुताराला घेऊनच येते."

परवाचा दिवस उजाडला तेव्हा अध्यक्षांचं भाषण अर्धंही झालं नव्हतं. बारकीने फोन करून पुढच्या आठवड्यावर ढकललं. आत्या म्हणाली, "तुझं काम आधी. कडी कुठे पळून चाललीय?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बारकी कदाचित गेलीही असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला बसली आणि हेडफोनमध्ये आवाज यायला लागला.

सुरुवातीला नुसती खरखर. त्याचं तिला नवल नव्हतं. लॅपटॉप जुना, त्याचं हेडफोनचं भोक सैल झालेलं, पिन जरा हलली तरी कुरकुर व्हायची. तिने पिन काढून पुसली, पुन्हा बसवली. खरखर कमी झाली आणि तिच्या मागे दुसरं काहीतरी ऐकू आलं.

टक, टक, टक. मग थांबा. पुन्हा टक, टक, टक.

रेकॉर्डिंगमध्येच असेल म्हणून तिने ते बंद केलं. टकटक चालूच. चार्जरमुळे असेल म्हणून चार्जर काढला. दुसऱ्या खोलीतला प्लग वापरून पाहिला. नवऱ्याचे हेडफोन लावून पाहिले. माइक बंद केला, आवाजाच्या सेटिंग्जमध्ये शिरून जे जे बंद करता येईल ते ते बंद केलं, कापसाच्या काडीने भोक साफ केलं, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. लॅपटॉप पुरता चालू व्हायच्या आधीच, पडदा काळा असतानाच, कानात आलं. टक, टक, टक.

"बघ बरं जरा," तिने नवऱ्याला हेडफोन दिले.

त्याने डोळे मिटून ऐकलं. "खरखर आहे. आणि... हो, काहीतरी आपटतंय. पंख्याचं पातं असेल आतल्या."

"पंख्याचं पातं दम घेतं का मध्ये मध्ये?"

तिने हे विनोदाने म्हटलं खरं, पण कामाने तयार झालेल्या तिच्या कानाला तीच गोष्ट खटकत होती. यंत्राचा आवाज सारखा असतो. हा तसा नव्हता. तिसरा ठोका पहिल्यापेक्षा हलका पडे. कधी दोनच ठोके येत आणि तिसऱ्याच्या जागी काहीतरी घासल्यासारखं ऐकू येई. दुपारी थांबे लांबले. मागे एक पोकळ घुमारा होता, फरशा लावलेल्या लहान खोलीत असतो तसा.

अध्यक्षांचं एक वाक्य तिने सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकलं आणि प्रत्येक वेळी नेमक्या क्रियापदावर टकटक आली. वैतागून तिने पिनच्या डोक्यावर नखाने दोनदा टिचकी मारली. टिक, टिक.

टकटक थांबली.

बारकीने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. कानात फक्त तो पोकळ घुमारा होता. मग एकदम, घाईघाईने, न थांबता, एकामागून एक ठोके यायला लागले. जोरात. इतके जोरात की तिने हेडफोन कानावरून ओढूनच काढले.

ती उठली, पाणी प्यायली आणि स्वतःशीच हसली. टिचकीने आतली एखादी तार हलली असणार, आणखी काय. त्या दिवशी तिने काम गुंडाळून ठेवलं. आत्याला फोन करायचा राहिला. आठवण झाली होती. पण फोन केला की कडीचा विषय निघणार, आणि पुन्हा नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडल्या उघडल्या ती लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. पोट सुटलेला, बोलघेवडा गृहस्थ होता. त्याने स्वतःचे हेडफोन खुपसले, मान तिरकी केली आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"कोणीतरी दार वाजवतंय वाटतं, ताई," तो हसून म्हणाला.

"मला हे बंद करून हवंय. आज काम द्यायचंय."

"जॅक गेलाय. तो बदलायचा म्हणजे सगळं उघडावं लागेल, दोन-चार दिवस ठेवून जा. नाहीतर एक करा." त्याने खणातून अंगठ्याएवढी एक डबी काढली. "ही बाजूच्या यूएसबीत घाला आणि हेडफोन हिच्यात. आवाज इथूनच येईल. तो जॅक सेटिंगमधून बंद करून टाकतो. तो आहे हेच विसरून जा."

त्याने जॅक बंद करण्याआधी तिने एकदा, नुसती खात्री करायला, हेडफोन कानाला लावले. टकटक अगदी मंद होती. एक ठोका. मोठा थांबा. आणखी एक.

"करा बंद," ती म्हणाली.

त्याने बटण दाबलं.

घरी येऊन तिने एका बैठकीत भाषण संपवलं. आवाज आरशासारखा स्वच्छ होता. अध्यक्षांच्या शेपट्याही सापडल्या. काम पाठवलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं. त्या मोकळेपणातच तिने आत्याला फोन केला. घंटा वाजत राहिली. झोपली असेल. तासाभराने पुन्हा केला. रुसली असेल. आत्याचा रुसवा असाच असे. चार दिवस फोन उचलायचा नाही, आणि पाचव्या दिवशी आपणच करायचा.

सकाळी मात्र बारकीला राहवलं नाही. आत्याच्या घराची जादा किल्ली घेऊन ती निघाली.

बाहेरच्या खोलीत दिवा चालू होता. खुर्चीवर टॉवेल नीट घडी करून ठेवलेला. बाथरूमचं दार आतून बंद होतं.

"आत्या?"

तिने दाराला कान लावला. आतला घुमारा ओळखीचा होता.

शेजारच्या गृहस्थांनी आणि खालच्या पहारेकऱ्याने मिळून दार फोडलं. आत्या भिंतीला टेकून पडली होती. एक पाय अंगाखाली दुमडलेला. ओठ फुटलेले. हातात काठी होती, आणि तिच्या मुठीकडची बाजू पाइपवर आपटून आपटून चेमटली होती. पाइपवरचा रंग तेवढ्याच जागी उडाला होता.

श्वास चालू होता.

इस्पितळात डॉक्टरांनी पाय वाचवायचा प्रयत्न केला. मग बारकीला बाजूला बोलावलं. त्या शांत, दमलेल्या बाई होत्या.

"खुब्याचं हाड मोडलंय, पण खरं नुकसान झालंय ते पाय इतका वेळ दाबून राहिल्याने. गुडघ्याखाली काढावा लागेल. काल सकाळी जरी आणलं असतंत..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

काल सकाळी ती दुकानात होती.

शस्त्रक्रियेनंतर आत्या शुद्धीवर आली तेव्हा बारकी उशाशी होती. आत्याने तिचा हात धरला. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "तू वाजवलंस तेव्हा फार धीर आला गं मला."

"काय वाजवलं, आत्या?"

"दोनदा. टिक, टिक. पाइपातून आलं. मी म्हटलं, बारकी आली. मग मी होती नव्हती ती ताकद लावून वाजवलं." तिने डोळे मिटले. "मग तू परत नाहीच वाजवलंस. आणि दुसऱ्या दिवशी... कसं सांगू. दिवा गेल्यासारखं झालं. आधी पलीकडे कोणीतरी असल्यासारखं वाटत होतं. मग नाहीच वाटलं."

आत्या बारकीच्या हातावर थोपटत राहिली, उलट तिचीच समजूत काढत असल्यासारखी.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "ग्लानीत माणसाला काहीही ऐकू येतं. आणि तुझा जॅक खराब होता. दोन्हींचा संबंध काय?"

"तूही ऐकलं होतंस."

"मी काहीतरी आपटताना ऐकलं होतं."

"मी पण तेवढंच ऐकलं होतं," बारकी म्हणाली. "आणि डबी घेऊन आले."

आत्याला त्यांनी घरी आणलं. यावेळी तिने विषय बदलला नाही. बारकीच्या कामाच्या खोलीतच, खिडकीशी तिचा पलंग घातला. ती कुरकुरत नसे. पाण्याचा पेलासुद्धा मागत नसे, हात पोचेल तिथवर पोचवून बघे, नाहीतर गप्प पडून राही. बारकी दर थोड्या वेळाने उठे आणि विचारी, "आत्या, काही हवंय?" आत्या म्हणे, "तुझं काम कर गं." तेच शब्द, तोच आवाज. बारकीला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

कामात तिचं मन लागेना. आवाज घालवण्यासाठी जे जे केलं होतं ते ते ती एक दिवस उलटं करत गेली. डबी काढून टाकली. जॅक सेटिंगमधून पुन्हा चालू केला. बंद केलेलं सगळं चालू केलं. चार्जर लावला, आधीच्याच प्लगमध्ये. हेडफोन भोकात घातले आणि कान देऊन बसली.

काहीच नव्हतं. टकटक नव्हती, घुमारा नव्हता, जुनी खरखरही नव्हती. जॅक पहिल्यापेक्षा चांगला झाला होता. रोज काम सुरू करण्याआधी ती तशी बसून ऐके. रोज तसंच.

एका दुपारी ती अशीच बसलेली असताना आत्याची नजर तिच्यावर गेली.

"लॅपटॉप तर बंद आहे. काय ऐकतेस?"

खोटं बोलायला सुचलं नाही. बारकीने सांगून टाकलं. टकटक, टिचकी, दुकान, डबी, सगळं. सांगताना तिची नजर पलंगाच्या सपाट भागावर होती, जिथे चादरीखाली पाय असायला हवा होता. ती रडायला लागली. आत्याने ऐकून घेतलं. रागावली नाही, नवलही केलं नाही.

"दे इकडे," ती म्हणाली.

"आता काही येत नाही त्यात."

"दे गं."

बारकीने लॅपटॉप पलंगावर ठेवला आणि हेडफोन तिच्या पांढऱ्या केसांवरून नीट बसवले. आत्याने डोळे मिटले. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

आत्याच्या कपाळावर आठी पडली.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "ह्याला अजून काढलं नाही?"

"कोणाला?"

"माझ्या बाजूला वाजवत होता ना एक जण. मी थांबले की तो वाजवायचा. मला वाटलं, आम्हा दोघांना एकदमच काढलं असेल."

बारकीने एका बाजूचा हेडफोन ओढून आपल्या कानाला दाबला. काही नव्हतं.

"कुठे आहे तो? आत्या, कुठून येतोय आवाज?"

आत्याने तिला गप्प राहायची खूण केली. तिचं बोट चादरीवर ठेवलेलं होतं. ऐकू येईल तसं ते पडत होतं.

एकदा पडलं.

बारकी बघत राहिली. बाहेरचं पाणी थांबलं.

बोट पुन्हा एकदा पडलं.

"दमलाय," आत्या म्हणाली. तिने बोट उचललं आणि तसंच अधांतरी धरून ठेवलं, पुढच्या ठोक्याची वाट बघत. बराच वेळ झाला, तरी ते वरच होतं.