खंडेनवमीनंतर मुका झालेला भोंगा

दसऱ्याच्या सकाळी दहा वाजता गोव्यात साखळी गावाजवळच्या बंद खाणीत बांध फुटला. पाणी चढलं. धोक्याचा भोंगा वाजला नाही. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपावरचा महादेव बुडाला.

दुपारी खाणीच्या नियंत्रण खोलीतली देवकी खासगी तपासनीस विनिताकडे आली.

"पोलीस म्हणतात, भोंगा मीच बंद केला. सांजेला घेऊन जातील गो, बाये."

"केलास?"

"काल खंडेनवमीच्या पूजेसाठी संगणक बंद केला. आज चालू केला. भोंग्याचा प्रोग्रॅम आपसूक सुरू होतो. पडद्यावर काळी खिडकी उघडली नि लगेच मिटली. मला वाटलं, झालं."

"शेवटचा हात हिचाच," विनिताचे सहकारी, निवृत्त हवालदार सदाशिव पुटपुटले.

नियंत्रण खोलीत तुषार भेटला. त्याने गेल्या महिन्यात त्याच संगणकावर हजेरीचा प्रोग्रॅम बसवला होता.

"त्याला लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, नवी आवृत्ती लागत होती, ती घातली. पण माझं फोल्डर वेगळं. भोंग्याच्या फोल्डरला हात लावला नाही. त्यानंतर दर सोमवारी चाचणीत भोंगा वाजलाय."

सोबत आलेल्या देवकीने मान डोलावली.

"हा सुटला मगे," सदाशिव म्हणाले.

भोंग्याचा प्रोग्रॅम साईशने लिहिलेला; तोही तिथे आला होता. "माझ्या लॅपटॉपवर आत्ताही चालतो, बघा."

"इथे त्याला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतःच्या लायब्रऱ्यांचा वेगळा कप्पा, दिलं होतंस?"

"तेव्हा एकटाच प्रोग्रॅम होता. कशाला?"

विनिताने तो हाताने सुरू केला. चूक दाखवणाऱ्या चार ओळी दिसल्या आणि तो थांबला.

"कोणीच खोटं बोललं नाही," ती म्हणाली. "फोल्डर दोन, पण दोघांच्या लायब्रऱ्या या संगणकावरच्या एकाच पायथन भाषेच्या. तुषारने नवी आवृत्ती घातली, तेव्हा जुनी पुसली गेली. भोंग्याला जुनीच हवी होती; साईशच्या लॅपटॉपवर ती अजून आहे."

"मग महिनाभर वाजला कसा, बाय?"

"तो थांबलाच नव्हता, सदाशिवकाका. सुरू होताना घेतलेली जुनी लायब्ररी मेमरीत होती. पूजेला संगणक बंद झाला, ती गेली. आज नवी मिळाली आणि तो उघडताक्षणी पडला. हिने पाहिलेली खिडकी तीच."

ती साईशकडे वळली.

"हेच आणखी कुठे बसवलंय?"

"इब्रामपूरच्या बंधाऱ्यावर," तो म्हणाला. "हजेरीसकट. खाली गाळ काढणारी माणसं आहेत."

"पूजा?"

"काल तिथेही झाली."

विनिताने फौजदारांना फोन केला. देवकीला न्यायला निघालेली पोलिसांची जीप वाटेतूनच इब्रामपूरकडे वळवण्यात आली. विनिता बंधाऱ्यावर फोन लावत राहिली; साडेचारपर्यंत तो कोणी उचलला नव्हता.